काशीआयची अँटेना

पाण्याच्या टाकीवर उभं राहून मी खांबाला तिसरा पाइप जोडला, नटबोल्ट आवळले आणि खाली ओरडलो, "आता?"

खालच्या मजल्यावरच्या कंट्रोल रूमच्या खिडकीतून शेठचं डोकं बाहेर आलं. "मुंग्याच! आधीपेक्षा जास्त!"

हे मला कळेना. अँटेना उंच केली की चित्र सुधारतं, हे मी आयटीआयमध्ये पहिल्या वर्षी शिकलो होतो. इथं वीस फूट वर नेली, तर होतं तेही गेलं. शुक्रवार होता, सकाळचे साडेअकरा. रविवारी दुपारी बारा वाजेपर्यंत हे चित्र साफ करायचं होतं आणि बिघाड नेमका कशात आहे, याचा मला पत्ता नव्हता.

ही नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. महाप्याच्या टीव्ही जोडणीच्या कारखान्यातली माझी लाइन बंद पडली, तेव्हा घणसोलीच्या भोईर शेठनी मला केबलवर टेक्निशियन म्हणून ठेवलं. शेठ गावचेच आगरी. भातशेती नव्या शहरात गेली, त्या बदल्यात खाडीच्या बाजूला चार मजली बिल्डिंग उभी राहिली आणि तिच्या गच्चीवर तीन डिश आल्या. अख्खं गावठाण आणि बाजूचे दोन सेक्टर आमच्या वायरवर होते.

थोडं धंद्यातलं सांगतो. पैसे भरून बघायचे चॅनल डिशवर येतात. ते वरून, आकाशातून. सरकारी चॅनलचा मुंबई केंद्राचा कार्यक्रम मात्र मुंबईच्या टॉवरवरून हवेतून आडवा येतो. आम्ही तो गच्चीवरच्या साध्या अँटेनाने पकडायचो आणि बाकीच्यांबरोबर वायरीत सोडायचो. म्हणजे जे चॅनल कुणालाही घरच्या अँटेनावर फुकट दिसेल, तेही लोक आमच्याकडूनच बघायचे. आणि तेच नेमकं बिघडलं होतं. आकाशातलं सगळं लखलखीत, हवेतलं मुंग्यांनी भरलेलं.

एरवी कुणी एवढी ओरड केली नसती. पण रविवारी काशीआय टीव्हीवर येणार होती.

काशीआय गावची धवलारीण. आगरी लग्नात भटजींच्या आधी धवलारीण लागते. ती धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी गाते, विधी सांगते, तिच्याशिवाय हळदही लागत नाही. धवले दोघींनी मिळून म्हणायचे असतात. काशीआयची जोडीदारीण होती हिरूबाय. चाळीस वर्षं दोघींनी मिळून गावातली लग्नं लावली. गेल्या वर्षी मुंबई केंद्रवाल्यांनी दोघींना स्टुडिओत नेऊन त्यांचं गाणं घेतलं. त्यानंतर दोन महिन्यांनी हिरूबाय गेली. तिचा एक फोटोही कुणाकडे नव्हता. ती शेवटची दिसणार होती ती रविवारी बारा वाजता, तेवढीच.

ही मुंग्यांची भानगड सुरू झाली त्याच्या पंधरा दिवस आधी, मी खांबाला दुसरा पाइप चढवला त्यानंतर लगेच. तीन-चार दिवस सकाळी कधीतरी चित्र जायचं आणि दोनेक तासांनी आपोआप परत यायचं. मी गल्लोगल्ली फिरलो. एका घरात एका गृहस्थानं जुनी अँटेना काढलीच नव्हती. तिची वायर आणि आमची केबल सोलून त्यानं दोन्ही एकत्र पिळल्या होत्या.

"दोन्हीकडनं येतं, म्हंजे डबल पॉवर," तो म्हणाला.

पॉवर डबल झाली नव्हती, माणसं डबल झाली होती. बातम्या देणाऱ्या बाईंना त्याच्या टीव्हीवर दोन नाकं होती. हाच चोर, असं ठरवून मी वायरी सोडवल्या. त्या दुपारपासून तक्रारी थांबल्या, त्या आठ दिवस थांबल्या. मी शेठना छाती फुगवून सांगितलं, "एका माणसानं सगळी लाइन बिघडवली होती."

गुरुवारी सकाळी पावणेदहाला पुन्हा मुंग्या. मी अँप्लिफायर बदलला. ताबडतोब काही फरक पडला नाही, पण बारापर्यंत चित्र आलं. नवीन अँप्लिफायर गरम व्हायला वेळ लागत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. शुक्रवारी साडेदहाला पुन्हा तेच. मग तो तिसरा पाइप. मी तो वर नेत होतो तेव्हाच शेठ रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवून सांगत होते, "खांब वर घेतला. रविवारी बघा कसा पिक्चर येतो."

दीड वाजता चित्र एकदम स्वच्छ झालं.

"काय केलंस?" शेठनी विचारलं.

"काही नाही. जेवत होतो."

"मग रविवारी बारा वाजता जेवायला बस," शेठ म्हणाले आणि चिडून निघून गेले.

मला राग आला होता, आणि तो सगळा स्वतःवरच होता. बिघाड दिसत नसला की माणूस काहीही बदलत सुटतो, तसं माझं चाललं होतं. शनिवारी सव्वाअकराला चित्र पुन्हा गेलं, तेव्हा मी खांबाला हातही लावला नाही. तक्रारवही काखेत मारली आणि काशीआयच्या घरी गेलो. उद्याचं काही खरं नाही, हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हटलं.

तिचं बैठं कौलारू घर गावाच्या खालच्या टोकाला होतं. पुढे घरांची एक रांग, मग तिवरांची झाडी, त्याच्यापलीकडे खाडी. अंगणात ती बोंबील सुकत घालत होती. कशावर, ते बघून मी जागीच थांबलो. दोन दगडांमध्ये रोवलेली टीव्हीची अँटेना होती. तिच्या प्रत्येक आडव्या नळीवर बोंबलांच्या जोड्या तोंडात तोंड अडकवून लटकत होत्या.

ती अँटेना मीच तिच्या कौलांवरून उतरवली होती. केबल आली की जुनी अँटेना काढून टाकायची, ही आमची पद्धतच होती. "आता ही भंगारात घाला," असं तिच्या मुलाला, पांडुरंगला मीच ऐटीत सांगितलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, हात चालूच.

"कदी जातं रं चित्र?" तिनं विचारलं.

मी वही उघडून वाचलं. गुरुवारी पावणेदहा, शुक्रवारी साडेदहा, आज सव्वाअकरा.

"नि त्याच्या आदी?"

"पंधरा दिवसांमागं. तेव्हाही असंच. मध्ये आठ दिवस काहीच नाही."

"तवा आमुशा व्हती," ती म्हणाली. बोंबील बाजूला ठेवून तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "उद्या माघी पुनव. मंजे उद्या मोठं पानी, बारा वाजायच्या आदीच जानार."

"कशावरून?"

"अरं, हे भरतीचं टायम हाय! पानी रोज पाऊन तास मागं सरतं. आमुशेला नि पुनवेला उधान. मदी भांग, तवा पानी अर्ध्यावरच ऱ्हातं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू घाटावरचा. तुला कोन सांगनार."

खरंच होतं. मी साताऱ्याकडचा. आमच्या नदीला पाणी पावसाळ्यात येतं आणि उन्हाळ्यात जातं. दिवसातून दोनदा येऊन जाणारं पाणी माझ्या हिशेबातच नव्हतं. रात्रीच्या भरतीला सगळे डिशच्या चॅनलवर असायचे, म्हणून तक्रार फक्त सकाळची.

तरी डोक्यातला गुंता सुटेना. पाणी खाडीत, अँटेना चौथ्या मजल्याच्या वर. पाण्याचा तिच्याशी संबंध काय? काशीआयला ते ठाऊक नव्हतं. पण तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. "ही माजे कौलांवर व्हती, तवा पुनवेला कदी चित्र गेलं नाय."

मी कुंपणाच्या बांधावर चढून खाडीकडे पाहिलं. पाणी तुडुंब, वाऱ्याचा पत्ता नाही, सगळी खाडी पत्र्यासारखी चकाकत होती. डोळे दिपले म्हणून मी दोन पावलं मागे सरकलो, तर झाडी आड आली आणि तिरीप गेली. तेव्हा कुठे उजेड पडला. मुंबईच्या टॉवरवरून लहर सरळ येते, तशीच पाण्यावर आपटूनही येते. दोन्ही अँटेनावर एकत्र पोचल्या की एकमेकींना मारतात. ओहोटीला खाडीत चिखल असतो, तो ही दुसरी लहर परत फेकत नाही. आमची अँटेना उंचावरून सगळी खाडी बघत होती. मी खांब वाढवून तिला आणखी बघायला लावलं. काशीआयची अँटेना घरांच्या आणि तिवरांच्या आडोशाला होती. तिला टॉवरचं टोक दिसायचं, पाणी दिसायचं नाही.

मी पळत शेठकडे गेलो. "खांब खाली घ्यायचा. टाकीच्या मागे, गच्चीच्या कठड्याला लागून."

"कालच गावाला सांगितलंय वर घेतला म्हणून. आता खाली घेऊ? लोक हसतील."

"शेठ, भरतीमुळे होतंय."

"भरती तू मना शिकवतंस? साताऱ्याचा तू!" शेठ म्हणाले. "खांबाला हात लावलास तर उद्यापासून येऊ नकोस."

नोकरी गेली तर महाप्याला पुन्हा कारखान्यांचे दरवाजे ठोठवावे लागले असते. मला भीती वाटली आणि मी खांबाला हात लावला नाही. पण काशीआयच्या कौलांबद्दल शेठ काही बोलले नव्हते.

रविवारी सकाळी मी बोंबील टोपलीत उतरवले, अँटेना साबणानं घासली, जोडावरचं मीठ खरवडलं आणि होती त्याच जागी कौलांवर बांधली. पांडुरंग वैतागला. "घरात केबल असून अँटेना? सगला गाव काय बोलंल?"

"त्याला चढू दे," काशीआय आतून म्हणाली.

पावणेबाराला टीव्ही लावला. केबलची पिन घातली, मुंग्या. ती काढून अँटेनाची घातली. चित्र आलं. थोडं फिकं, पण नाक-डोळे जागच्या जागी.

बाराला दहा कमी असताना शेजारची बाई दारात आली. तिच्याकडे काही दिसत नव्हतं. मग आणखी चारजणी आल्या, मग त्यांची माणसं. ओटी भरली, अंगण भरलं. खिडकीतून डोकी आत आली. शेवटी भोईर शेठ आले, सहकुटुंब. उंबऱ्याशीच उभे राहिले.

कार्यक्रम सुरू झाला. दोघी बायका, हिरव्या लुगड्यांत, स्टुडिओच्या उजेडात थोड्या बावरलेल्या. आणि मग धवला. हिरूबायचा चेहरा जवळून दाखवला, तेव्हा शेजारणीनं तोंडाला पदर लावला. मी काशीआयकडे बघितलं. ती रडत नव्हती. टीव्हीकडे बघत मांडीवर ताल धरत होती, आणि एकाएकी रागावून म्हणाली, "बग, बग, पुढं पलाली! चालीस वर्सं सांगितलं तिला, माज्यासाठी थांब. कदी थांबली नाय."

मग तिनं ताल सोडला आणि दोन्ही हात मांडीत घेऊन गाणं संपेपर्यंत तशीच बसली. मी वायर बघायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

माणसं पांगल्यावर शेठ माझ्याजवळ आले. कौलांवरच्या अँटेनाकडे बघून त्यांनी विचारलं, "किती खाली घ्यायचा म्हणालास?"

"दोन्ही पाइप काढायचे. परवाचाही आणि त्याच्या आधीचाही."

"सांजच्याला कर. रस्त्यावर कोन नसताना."

सोमवारी भरतीला केबलवर चित्र साफ होतं. त्या दिवसापासून मी कुठल्याही घरची अँटेना उतरवली नाही. टीव्हीमागे एक बटण बसवून द्यायचो, इकडे केबल, तिकडे अँटेना. आणि तक्रारवहीत तारीख आणि वेळ यांच्यापुढे तिथीचा रकाना आखला. मी देवाधर्माला लागलो, असं शेठना बरेच दिवस वाटत होतं.

त्या रविवारी हत्यारं गोळा करून मी निघालो, तेव्हा काशीआय दारात आली. "आता ती काढतंस ना परत?"

"नाही आय, राहू दे. पुन्हा कधी लागेल."

"आता हिरूबाय कंची दिसायची परत," ती म्हणाली. मग टोपलीकडे हात केला. "नि बोंबील कशावर घालू?"

दुसऱ्या दिवशी मी तिला एक बांबू आणून दिला. ती म्हणाली, अँटेना बरी होती.