अडीच हात माती

चार कामकरी माणसं बारा-चौदा वर्षं एका पंगतीला जेवली की घरं किती बांधली ते विसरतं, किस्से मात्र राहतात. आमच्या टोळीचं तसंच झालं. कुठं लग्नाला गेलो, बाजाराला गेलो, की कुणीतरी तंबाखू मळत म्हणतो, "सुतारबुवा, त्या सखाराम मिस्त्रीचं सांगा की!" आणि मला एवढंच निमित्त पुरतं.

टोळी चौघांची. सखाराम मिस्त्री गवंडी, मी सुतार, भिंतीच्या चिखलाचा गारा तुडवायला लिंबाजी आणि माती वाहायला तांड्यावरचा फुलसिंग. सेनगावपासून हट्ट्यापर्यंत आमच्या हातची घरं उभी आहेत आणि त्यातलं एकही पडलेलं नाही. ही फुशारकी आहे, मला मान्य आहे. का मारू नये?

आता माळवद म्हणजे काय हेही नव्या पोरांना सांगावं लागतं. सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि काटक्या, अन् त्यावर पांढरी माती चोपून केलेलं सपाट छप्पर. भर उन्हाळ्यात खाली गार. दर वर्षी पावसाच्या आधी वर नवा थर टाकायचा. गळलं की अजून टाकायचा. जुनी माती मात्र कुणी काढत नसे. आजोबांनी टाकलेली, वडिलांनी टाकलेली, ती कशी काढायची! सोयरीक बघायला आलेली माणसं आधी माळवदाच्या कडेकडे बघत. "अडीच हात माती हाय," असं कळलं की पुढची बोलणी सोपी होत.

आमचं पोट त्याच मातीवर होतं.

*

चौतीस साली बिहारात मोठा भूकंप झाला. हिंगोलीत स्टेशनजवळच्या हॉटेलात एक मास्तर जुना पेपर मोठ्यानं वाचून दाखवत. गावंच्या गावं बसली, जमिनीतून वाळू वर आली, असं ते वाचत होते आणि आम्ही कपातला चहा विसरून ऐकत होतो.

लिंबाजीनं विचारलं, "मास्तर, तिथून इथं यायला त्याला किती दिवस लागतील?"

मास्तर चिडले. "अरे, भूकंप काय रेल्वेनं येतो?"

लिंबाजी निवांत झाला. "आला तरी भ्यायचं काम न्हाई. पूर्ण्याला गाडी बदलावी लागती. तिथंच अडकून राहतोय बघा!"

सगळं हॉटेल हसलं. मीही हसलो. पुढं वर्षभरानं आम्हाला त्या हसण्याची लाज वाटली.

*

सखाराम तेव्हा आमच्यात नव्हता. तो आणि त्याचा धाकटा भाऊ धोंडिबा, दोघं पार सरहद्दीकडच्या क्वेट्याला गेले होते. तिकडे पलटणीच्या इमारतींचं काम निघालं होतं आणि ठेकेदाराला दक्षिणेतले गवंडी हवे होते. पस्तीस साली क्वेट्याचा भूकंप झाला. पुढं कितीतरी दिवस पत्र नाही, निरोप नाही.

मग एक दिवस सखाराम हिंगोली स्टेशनावर उतरला. एकटाच. हातात एक ओळंबा होता, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला सोडतात तो. तो धोंडिबाचा होता.

घरी आल्यावर आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं तो घेतला नाही. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून तो छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आये, आधी बाहेर ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच्या घराचं माळवद खणायला लागला. पोरगं भावाच्या दुःखानं वेडं झालं म्हणून गल्ली गोळा झाली. मी वर चढलो, त्याचा हात धरला आणि विचारलं, "सख्या, काहून असं करून राहिलास?"

तो म्हणाला, "मी उकडतंय म्हणून अंगणात झोपलो होतो. धोंड्या आत होता. जमीन हलली ती थोडा वेळच. भूकंपानं न्हाई मेला धोंड्या. माळवदानं मेला."

मी त्याचा हात सोडला आणि खाली जाऊन माझं टोपलं घेऊन आलो. आयुष्यात काही कामं मी न विचारता केली, त्यातलं हे एक. आजही त्याचा मला अभिमान वाटतो.

त्या दिवशी माती उतरवताना तो एकदाच बोलला. "भावंडांत आता एक गयाच उरली. अन् तिच्या डोक्यावर अडीच हात हाय."

गया त्यांची बहीण, हट्ट्याला दिलेली. स्थळ ठरलं तेव्हा त्याच अडीच हातांचं कौतुक सखारामनंच गावभर केलं होतं.

*

सखारामनं टोळीचा कायदा केला. जुनी माती उतरवल्याशिवाय नवी टाकायची नाही. वर फक्त एक वीत माती, तीही भुसा घालून आठ दिवस कुजवलेली, नीट उताराची. घराचे खांब आणि तुळया एकमेकांना खुंट्या मारून बांधायच्या, म्हणजे हललं तर सगळं एकदम हलेल, सुटं होऊन खाली येणार नाही. हे खुंट्यांचं काम माझं.

फुलसिंग भडकला. त्याच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ मुलखामुलखात वाहिलेलं. तो त्याच बैलांवर गोण्या टाकून माती आणायचा. "वीतभर मातीला माझे बैल कशाला? टोपीत घालून आण की!"

दोन घरं झाल्यावर तो एकदम गप्प झाला. मी विचारलं, "काय रे, राग गेला व्हय?"

"माझा गेला," तो म्हणाला, "बैलांचा न्हाई गेला. आधी येताना भरलेले अन् जाताना रिकामे चालायचे. आता जुनी माती घेऊन जातानाबी भरलेले!"

*

जवळा बाजारला एक कापसाचा व्यापारी होता. माणूस भला, पण संशयी. वीतभर मातीचं माळवद पाहून म्हणाला, "हे गळणार. मला गॅरंटी पाहिजे."

सखाराम म्हणाला, "तुमीच पाणी वता."

व्यापाऱ्यानं माणसं लावली. घागरीमागून घागरी वर चढल्या. पाणी उताराने पन्हाळीतून खाली धो-धो पडत होतं आणि बाजारला आलेली माणसं जनावरं सोडून बघत उभी होती. आत थेंब पडतो का ते बघायला लिंबाजीला छताखाली उताणं झोपवलं होतं. त्यानं स्वतःच सुचवलं, "मी तोंड उघडं ठेवतो. पडला तर बराबर कळंल."

दुपार कलली. विहिरीवरची माणसं थकली. व्यापारी घाम पुसत आत गेला, मागून आम्ही. लिंबाजी तोंड उघडं टाकून घोरत होता!

व्यापाऱ्यानं त्याला हलवलं. "उठा! गळलं का?"

लिंबाजी डोळे चोळत म्हणाला, "शेठ, नरडं कोरडं पडलंय. जरा पाणी असलं तर द्या."

त्या एका वाक्यावर आम्हाला जवळा बाजारात अकरा घरं मिळाली.

*

एकदा सरकारी कचेरीच्या दुरुस्तीला एक इंजिनिअर साहेब आले. उर्दूत बोलणारे, बुटांना चकाकी, मागं खुर्ची उचलणारा शिपाई. आमचं काम बघायला आत शिरले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. प्रत्येक खुंटीवर बोट फिरवून बघत होते. माझी छाती अशी फुगली की बंडीची कसणी तुटायची बाकी होती!

मग ते खुर्चीत बसले आणि सखारामला बोलावलं.

"ये काम किससे सीखा?"

"क्वेट्टा में सीखा, हुजूर."

साहेबांना आश्चर्य वाटलं. "अच्छा! कौन से कॉलेज में?"

"मलबे में, हुजूर."

साहेब उठून उभे राहिले, शिपायाला खूण केली आणि ती खुर्ची सखारामपुढं ठेवली. सखाराम काही बसला नाही. पण लिंबाजी बसला, आणि "मऊ हाय," असं म्हणून उठला.

*

एवढं सगळं झालं. गावोगावचे लोक बोलवायला येऊ लागले, पण हट्ट्याचं माळवद काही हललं नाही.

गयाचे सासरे किसनराव. मोठी शेती, मोठा आवाज, आणि घराला गावातली सगळ्यात जाड माती. सखारामनं पहिल्यांदा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "माझ्या पणज्याच्या हातची माती हाय ती. तुमी भाऊ म्हणून आलात, पोटभर जेवा. मिस्त्री म्हणून आला असाल तर दार उघडंच हाय!"

बहिणीच्या सासरी भावानं तोंड किती उघडायचं याला मर्यादा असते. इंजिनिअरला उत्तर देणारा आमचा मिस्त्री तिथं खाली मान घालून जेवला.

दर भाऊबीजेला तो हट्ट्याला जायचा. गया ओवाळायची आणि हा पाटावर बसून वर बघायचा. एका वर्षी त्यानं मला सोबत नेलं. "तू फक्त तुळई बघ," म्हणाला. मी बघितली. मधली तुळई बोटभर वाकली होती आणि त्याच तुळईला गयाच्या लेकराचा पाळणा बांधला होता. मी धीर करून किसनरावांना सांगितलं, तर त्यांनी गड्याला हाक मारून तुळईखाली एक बाभळीचा टेकू दिला आणि म्हणाले, "झालं! सुतारबुवा, पोळी घ्या."

परतताना गाडीत सखाराम रडला. मी बैलांकडे बघत राहिलो.

*

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. त्या पावसाळ्याच्या शेवटी निजामी राज्य गेलं, कचेरीवरचं निशाण बदललं, कालपर्यंत दबून बोलणारी माणसं चौकात मोठ्यानं हसायला लागली. लिंबाजी म्हणाला, "मिस्त्री, एवढं मोठं राज्य उतरलं. किसनरावाचं माळवद काहून उतरंना?"

सखाराम हसला नाही. म्हणाला, "औंदा भाऊबीजेला तुमी सगळे चला."

आम्ही गेलो. लिंबाजी नवा सदरा घालून, फुलसिंग त्याच्या बैलांच्या शिंगांना रंग लावून. वाटेत सखाराम एका लोहाराकडे थांबला आणि पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. आम्ही विचारलं नाही.

हट्ट्याला पाट मांडला होता. किसनराव बाजूला बाजेवर बसले होते, सोबत गावची चार माणसं. गयानं भावाला कुंकू लावलं, ओवाळलं आणि ताट पुढं धरलं. सखारामनं पोतं सोडलं आणि ताटाला आडवी टेकवून ठेवली एक नवीकोरी कुदळ, दांड्यासकट!

मग ती चार माणसं पोट धरून हसायला लागली. "मिस्त्री, लुगडं मिळालं न्हाई व्हय बाजारात?" किसनरावही हसले. सखाराम तसाच पाटावर बसून होता, कपाळावर कुंकू, नजर बहिणीकडे.

गया हसली नाही. तिनं ताट खाली ठेवलं. कुदळ उचलून कपाळाला लावली. पाळण्यातलं धाकटं लेकरू काढून सासूच्या मांडीवर दिलं, पदर खोचला आणि अंगणात जाऊन शिडी चढायला लागली.

किसनराव बाजेवरून उठलेच. "सूनबाई! खाली उतर! लोक काय म्हणतील?"

वरून पहिला घाव ऐकू आला. मग गयाचा आवाज. लग्न होऊन आल्यापासून तो आवाज त्या घरात एवढा मोठा कुणी ऐकला नव्हता.

"मामंजी, माझा एक भाऊ मातीखाली गेला. दुसऱ्यानं ही ओवाळणी घातली. तिला हात न लावता ठेवू कशी? तुमीच सांगा!"

लिंबाजी मदतीला धावत निघाला. सखारामनं पाटावरूनच त्याचं धोतर धरलं. "बस. तिचं घर हाय ते."

आमचा एकही माणूस हलला नाही. वर घाव पडत होते. अंगणाच्या भिंतीवरून शेजारणी बघायला लागल्या. ती चार माणसं हसायची थांबली होती. किसनराव अंगणाच्या मधोमध उभे राहून वर बघत होते, आणि आता हे काय बोलतात म्हणून सगळी आळी कान देऊन होती.

किसनरावांनी डोक्यावरचा पटका सोडला. गावात कधी कुणी त्यांचं उघडं डोकं बघितलेलं नव्हतं. पटक्याची गुंडाळी करून त्यांनी त्याची टोपल्याखाली घेतात तशी चुंबळ केली, ती डोक्यावर ठेवली, शिडीखाली जाऊन उभे राहिले आणि वर बघून ओरडले,

"सूनबाई, टोपलं भरून दे!"