उशिरा येणाऱ्याची फळी

आज सकाळपासून आमच्या घरात कोणाचा पाय जमिनीवर नाही! आमचे हे, म्हणजे तुळशीराम, आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातले पोट्टे ऑटोत भरून मिशनच्या शाळेत नेत. उभी हयात त्यातच गेली. घंटा झाली की फादर फाटक बंद करत, पण ह्यायचा ऑटो कधी बाहेर राह्यला नाही. कसा राहील? ह्यायचा नियमच होता, जो उशिरा येईल तो फळीवर. ड्रायव्हरच्या पाठीशी लाकडी फळी ठोकलेली, तिच्यावर मागं तोंड करून बसायचं अन् समोरच्यायचं चिडवणं ऐकायचं. दुसऱ्या दिवशी तोच पोट्टा सगळ्यायच्या आधी दारात उभा!

आज त्याच शाळेत जुन्या विद्यार्थ्यायचा सत्कार, अन् त्यातले तीन आमच्या ऑटोतले! पायल विमान चालवते, विशाल बिलासपूरले हायकोर्टात वकील, गंधाली डोळ्यायची डॉक्टर. तिघायनं फोन केला, "काका, शाळेत तुमच्याच ऑटोनं जाऊ." अवं माय, मी तर वाड्यातल्या सगळ्या बायांले सांगून आली!

पण ह्यायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ताच झालं. ऑटो आता आमचा पोरगा लोकेश चालवते. हे अडून बसले, "माह्ये पोट्टे मीच नेईन, नाही तर मी येतच नाही."

"काहून लहान पोरावानी करून राह्यले?" मी चिडली. ऐकतील तर शपथ! नवा शर्ट काढला, जुना खाकी घातला, तोही पुन्हा बदलला. बाहेर तिघं येऊन ऑटोत बसले, लोकेशनं भोंगा वाजवला, तरी ह्यायचा भांग पाडणं सुरूच.

शेवटी निघाले ते सरळ हँडलकडे. गंधालीनं हात आडवा केला.

"काका, अजून नाही. डॉक्टर म्हणून सांगून राह्यली."

ह्यायचं तोंड एवढंसं झालं. माघारी वळले. मले लय वाईट वाटलं.

तेवढ्यात पायल आतून ओरडली, "काका, आज लेट कौन आया?"

"मी," हे दारातूनच म्हणाले.

"तो लेटवाला कहाँ बैठता है?"

सगळी गल्ली हसली! आपलाच नियम मोडतील कसे? गपचूप येऊन फळीवर बसले. मी दोघी पोट्ट्यायच्या मधात घुसली. विशालनं "काका फळीवर, काका फळीवर" असं चिडवणं सुरू केलं, एवढा मोठा वकील! रस्ताभर नुसता गोंधळ. फाटकाच्या आत शिरलो तेव्हा घंटा व्हायचीच होती.

लोकेशनं ऑटो थांबवला. हे हलायलेच तयार नाही.

"उतरा न आता! डोळे दुखून राह्यले का?"

"थांब न वं. इतके वर्षं या पोट्ट्यायचं हसणं पाठीमागून ऐकलं. हसताना कसे दिसतात, ते आज पाहून राह्यलो."

मग कोणीच उतरलं नाही. बाहेर घंटा वाजली, तरी आम्ही बसूनच होतो.