रोहनच्या पंगतीला मंडळ गेलं नाही

जयसिंगला आमच्या गावात रिकाम्या हाताने उभा असलेला फारसा कुणी पाहिलेला नाही. एक तर तो रांजणगावला कंपनीत शिफ्टला असतो, नाहीतर बादली घेऊन कुणाच्या तरी पंगतीत. आमचं गाव भीमेच्या काठचं, वडगाव रासाईच्या जवळ. शहरात लग्नाचं जेवण उभ्याउभ्या होतं. आमच्याकडे अजून पंगत बसते आणि ती वाढायचं काम आमचं नवजीवन तरुण मंडळ करतं. लग्न असो, वास्तुशांत असो की दहावा असो, बाहेरचा माणूस लागत नाही. जयसिंग मंडळाचा अध्यक्ष. मी शंभू, सचिव, म्हणजे ठराव लिहितो आणि भात वाढतो.

हा माणूस मांडवाच्या टोकाला उभा राहून एकदा नजर फिरवतो आणि सांगतो, "दोनशे चाळीस पानं हायेत. बुंदी पुरायची न्हाई, मसालेभात आधी सोडा." आणि दरवेळी त्याचंच खरं होतं, त्यामुळे जास्त राग येतो. वाढताना कुणी "पाहिजे का?" असं विचारलं की जयसिंग त्याला मांडवामागे नेऊन झापतो. पाव्हणा लाजून नको म्हणतो आणि उपाशी उठतो, असं त्याचं म्हणणं. म्हाताऱ्या माणसाच्या पानात वाकून वाढायचं, उभ्याने ओतायचं नाही. वाढप्यांनी सगळ्यांत शेवटी बसायचं, आणि ज्यांच्या घरचं कार्य असेल त्या घरच्यांनीच त्यांना वाढायचं. मंडळाला मिळतो तो मान एवढाच, आणि जयसिंगला तो पुरतो.

बारा वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मंडळ मधोमध फुटलं होतं. त्या आठवड्यात एक लग्न आलं. अर्धे वाढपी एका गटाचे म्हणून आलेच नाहीत आणि नवरीकडची साठ-सत्तर माणसं न जेवता गाडीत बसली. जयसिंग तेव्हा चोविशीचा होता. तो घरोघर फिरला, सगळ्यांच्या हातापाया पडून मंडळ परत उभं केलं आणि एक नियम घातला. मंडळ वाढेल, भूमिका घेणार नाही. निवडणूक, आरक्षण, डीजे, दारूची दुकानं, कशावरही मंडळाचं म्हणणं नसेल.

हा नियम आम्ही इतका मनावर घेतला की टी-शर्टचा रंग ठरवायला तीन बैठका लागल्या. भगवा घेतला तर एका आळीची बाजू घेतली असं वाटणार, निळा घेतला तर दुसरीची, पिवळा घेतला तर तिसरीची, आणि हिरव्याचं तर नावच काढायला नको. शेवटी राखाडी घेतला. बावीस-तेवीस जण ओळीने उभे राहिलो की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायचो. पण बारा वर्षं मंडळ फुटलं नाही, आणि हे जयसिंगचं काम, यात वाद नाही.

रोहन मंडळात आला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. बौद्धवाड्यातला तो पहिलाच. मंडळात येऊन त्याने आमटीची बादली धरली ती धरलीच. भरल्या पंगतीत पळत जाऊन आमटी वाढेल, पण कुणाच्या धोतरावर थेंब पडणार नाही. पुढे तो दौंडला एका दवाखान्यात लॅबमध्ये लागला. तरी लग्नाच्या तिथीला सुट्टी टाकून यायचा. माझ्या लग्नात त्याने वाढलं, पप्पूच्या वाढलं, पप्पूच्या दोन्ही बहिणींच्या वाढलं. जयसिंगच्या आईच्या दहाव्याला तर आदल्या दिवशीपासून मुक्कामाला होता.

यंदा एप्रिलमध्ये रोहनने सांगितलं की तो लग्न करतोय. मुलगी नीलम, त्याच्याच दवाखान्यात नर्स, वरवंडच्या बागायतदार घरातली. दोघांनी दौंडला नोंदणी केली होती. तिच्या घरचं कुणी येणार नव्हतं. रविवारी विहाराशेजारच्या पटांगणात जेवण ठेवलं होतं, साडेतीनशे पान.

"दादा, मंडळ येणार ना?" त्याने जयसिंगला विचारलं. विचारायची पद्धत नव्हती. मंडळातल्या माणसाच्या कार्याला मंडळ जायचंच. त्याने विचारलं, तिथेच मला कळायला हवं होतं की त्याच्याही मनात शंका आहे.

दुसऱ्याच दिवशी गेणबा आप्पांनी आम्हाला चहाला बोलावलं. आप्पा सोसायटीचे जुने चेअरमन, कधी आवाज चढवत नाहीत. वरवंडच्या त्या घराशी आमच्या गावातल्या पाच-सहा घरांची सोयरीक आहे, त्यात आप्पांचंही घर आलं.

"मी कुणाला जाऊ नका म्हणत न्हाई," आप्पा म्हणाले. "रोहन गुणाचा पोरगा हाय. पण मंडळ म्हणून गेलात तर गाव म्हणंल, मंडळानं बाजू घेतली. तुमचा नियम तुमीच मोडायचा का? ज्याला जायचंय त्यानं आपापलं जावं. पाव्हणा म्हणून."

जयसिंगने चहा संपवला आणि मान डोलावली. ती मान डोललेली मला आवडली नाही. पण मीही डोलावली.

बैठक शाळेच्या वर्गात झाली. रोहन आला, दारातच थांबला आणि म्हणाला, "माझाच विषय हाय. मी बाहेर बसतो." तो दीड तास मोटारसायकलवर बसून राहिला. आत जे बोललं गेलं ते त्याला ऐकू गेलं नसेल असं मला वाटत नाही, कारण वर्गाच्या खिडकीला काच नाही.

सत्यजीत आमच्यातला सगळ्यांत लहान, कॉलेजात आहे. त्याचं म्हणणं, नुसतं वाढायला जाऊ नका, चौकात शुभेच्छांचा फ्लेक्स लावा, सगळ्यांचे फोटो टाका, मंडळ कुणाच्या बाजूने आहे ते गावाला दिसू द्या. पप्पू उसळला. "आज लग्नावर बोला म्हणतोस, उद्या आरक्षणावर बोला म्हणशील, परवा मतदान कुणाला करायचं ते ठरव म्हणशील. मंडळ हाय का पक्ष हाय? आन् माझी सासुरवाडी वरवंडची हाय. मी काय तोंड दाखवू तिथं?" पप्पूचं अगदीच चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. बोलायला सुरुवात केली की कुठे थांबायचं, हा प्रश्न खराच आहे.

सगळे जयसिंगकडे बघायला लागले. त्याला बारा वर्षांपूर्वीची ती उपाशी उठलेली माणसं आठवत असणार. तो हळूच म्हणाला, "मंडळ फुटलं न्हाई पायजे. ज्याला जायचं त्यानं आपापलं जावं. टी-शर्ट घालू नका. वाढायचं न्हाई."

मी ठराव लिहिला. 'मंडळ या विषयात कोणतीही भूमिका घेत नाही.' बाहेर जाऊन रोहनला सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. तो "बरं" म्हणाला. मग आत आला आणि नेहमीसारखी वर्गातली बाकं सरळ करू लागला. त्याने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी मी आणि जयसिंग गेलो. सत्यजीत आधीच येऊन बसला होता. आणखी चार-पाच जण तोंडदेखले आले, आहेर दिला, काम आहे म्हणून निघून गेले. जयसिंगने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. रोहनची आई पार्वतीबाई पुढे आली, आमच्या हातात पाण्याचे ग्लास दिले. जयसिंगची नजर सवयीने बादल्यांकडे गेली. पार्वतीबाईने ते बघितलं.

"ऱ्हाऊ द्या, जयसिंगभाऊ," ती म्हणाली. "तुमी आज पाव्हणं. बसा पंगतीला."

त्यात टोमणा नव्हता. तो असता तर सोसला असता.

आम्ही पहिल्या पंगतीत बसलो. वाढायला वाड्यातली कॉलेजची पोरं-पोरी होती. जीव तोडून पळत होती, पण सवय नव्हती. एका टोकाला पुरी दोनदा आली, दुसऱ्या टोकाला भाजीच नाही. भात आला आणि आमटीचा पत्ता नाही. लोक कोरड्या भाताकडे बघत बसले. माझ्या शेजारी जयसिंगचा गुडघा सारखा हलत होता.

रोहन स्टेजवर नीलमशेजारी खुर्चीवर बसला होता, डोक्याला फेटा, गळ्यात हार. त्याने तिच्या कानात काहीतरी सांगितलं, हार काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि खाली उतरून आमटीची बादली उचलली. स्वतःच्या लग्नात नवरदेव पंगत वाढायला लागला. पहिल्या पानापासून, थेंब न सांडता, आमच्याकडे सरकत आला. जयसिंगच्या पानापाशी वाकला.

"थोडी घ्या, दादा," तो म्हणाला.

जयसिंग उठला.

भरल्या पंगतीतून मधेच उठणं म्हणजे आमच्याकडे काय, ते सांगायला हवं. ते भांडणाचं असतं. तुमचं अन्न आम्हाला नको, असा त्याचा अर्थ. गावात एकदा असं कुणी उठलं होतं, त्या दोन घरांत अजून बोलणं नाही. आणि इथे तर कुणाचं लग्न, कुणाच्या घरचं अन्न आणि उठलेला माणूस कोण! कुणीतरी मोबाईल वर धरला. पार्वतीबाईने पदर तोंडाशी नेला. नीलमचा चेहरा मला अजून दिसतो. तिला वाटलं, इथेसुद्धा.

जयसिंगने रोहनच्या हातातली बादली धरली. "सोड," तो म्हणाला. "नवरदेव वाढत नसतो. जा, बस तिकडं." मग त्याच्या नेहमीच्या आवाजात पोरांवर ओरडला, "भाजी त्या टोकाला न्या! पुरी थांबवा! पाणी कोण बघतंय?"

मग मी उठलो. दुसरा उठलो. पहिल्यांदा उठायची माझी छाती नव्हती, हे इथे कबूल करतो. तिसरा सत्यजीत. आम्ही तिघांनी चार पंगती वाढल्या आणि कुणी उपाशी उठलं नाही.

सगळं उरकल्यावर वाढप्यांची पंगत बसली. रोहन आणि नीलमने वाढलं. जयसिंग खुशीत होता, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आपलं चुकलेलं निस्तरलं असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. मलाही तसंच वाटत होतं. रोहनने त्याच्या पानात बुंदी वाढली आणि तिथेच उकिडवा बसला.

"दादा, तुमी उठलात ते मी मरेस्तोवर इसरणार न्हाई," तो म्हणाला. "पण उद्यापासून मला मंडळात धरू नका."

जयसिंगचा हात पानातच थांबला. "आरं, आलो की मी!"

"तुमी आलात. मंडळ न्हाई आलं. मी बारा वर्षं तुमच्यासंगं नव्हतो वाढत, मंडळात वाढत व्हतो. पप्पूदादाच्या बहिणीच्या लग्नात मी काय रोहन म्हणून गेलो व्हतो? तवा मला कुणी आपापलं ये म्हणलं न्हाई."

तो शांतपणे बोलला आणि उठून दुसऱ्यांना वाढायला गेला. जयसिंगने पान टाकलं नाही, सगळं खाल्लं. पण त्या घासांना त्याला काही चव लागली असेल असं वाटत नाही. मला तरी लागली नाही.

चार दिवसांनी एक मे. झेंडावंदन झालं आणि शाळेच्या मैदानात ग्रामसभा बसली. जयसिंग आयुष्यात कधी सभेत बोललेला नव्हता. तो उठला, टोपी काढून हातात घेतली.

"आमचं मंडळ रोहनच्या लग्नाला वाढाय गेलं न्हाई," तो म्हणाला. "आमी लिव्हलं, भूमिका घेत न्हाई. पण न जाणं हीच भूमिका झाली, आन् ती आमी भिऊन घेतली. कुणी हात धरला नव्हता. हितनं पुढं मंडळातल्या कुणाचंबी लग्न कुणासंगंबी होऊ दे, मंडळ टी-शर्ट घालून जाणार. ज्याला ते पटत न्हाई त्यानं आमाला आपल्या कार्याला बोलवू नये."

कुणी टाळी वाजवली नाही. गेणबा आप्पा जमिनीकडे बघत राहिले. पप्पू तिथूनच उठून गेला, त्याच्यामागे आठ जण गेले. ज्या फुटीला जयसिंग बारा वर्षं भीत होता ती पाच मिनिटांत झाली. त्या महिन्यात तीन घरांनी शिरूरहून केटरर आणला, त्यातलं एक आप्पांचं.

आता आम्ही तेरा जण आहोत. परवा मांडवगण रस्त्याच्या एका वस्तीवर लग्न होतं, तीनशे पान, आणि आमचे हात पुरेनात. मी जयसिंगला म्हणालो, "रोहनला फोन लाव की. आता तर तू सगळ्या गावासमोर बोललास. आलाच तो."

जयसिंग भाताचं पातेलं उतरवत होता. त्याने ते खाली ठेवलं, हात पुसले.

"मंडळानं बोलाय बारा वर्षं लावली, शंभू," तो म्हणाला. "आन् त्यानं महिन्यात यावं व्हय?"