ओमा जीनने कप ठेवला

आमच्या कोल्टन फोर्कच्या कम्युनिटी कॉलेजात डॉक्टर प्रॅट नावाचे गणिताचे प्रमुख होते. होते कसले, आहेतच. असली माणसं निवृत्त होत नाहीत, त्यांना बढती मिळते. पण मला सांगायचंय ते ओमा जीन रॅटलिफबद्दल. प्रॅट मध्येमध्ये येतील, त्याला माझा इलाज नाही.

ओमा जीन शाळेची बस चालवायची. केंटकीच्या आमच्या डोंगरात रस्ता मनाला येईल तिथे वळतो, आणि कठडा असलाच तर गंजलेला. त्या रस्त्याने तिने अख्ख्या गावाची पोरं नेली-आणली. मागे दंगा झाला की ती आरशात नुसतं बघायची आणि बस गप्प व्हायची. चाळिशी उलटल्यावर या बाईने नर्स व्हायचं ठरवलं. कारण काय, तर तिच्या आजारी वडिलांकडे येणारी नर्स त्यांना फार तोडून बोलायची. आमच्याकडे कुत्र्यालाही कोणी तसं बोलत नाही. ओमा जीन मला म्हणाली, "नर्स अशी असते होय? मग मीच होते की."

नर्सिंगच्या आधी गणिताची चाचणी. ती देताना आमच्या कॉलेजात प्रत्येकाला एक वाक्य ऐकवतात: "ही परीक्षा नाही हं, यात कोणी नापास होत नाही, बिनधास्त द्या." आमची माणसं सरळ. परीक्षा नाही म्हटल्यावर तयारी कोण करणार? ओमा जीनने सकाळची फेरी संपवली, बस बाहेर उभी केली, भराभर बटणं दाबली आणि दुपारच्या फेरीला निघून गेली. हात दाखवून अवलक्षण. निकाल लागला आणि बाई सगळ्यांत खालच्या वर्गात. अपूर्णांक आणि ऋण संख्या. तो वर्ग पार केल्याशिवाय नर्सिंगचं दार उघडत नाही, आणि तीनदा नापास झालं की ते कायमचं बंद. हा नियम प्रॅटसाहेबांचा.

वर्ग म्हणजे तरी काय? पूर्वी फळ्यापाशी मास्तर असायचा. प्रॅटनी तो काढला आणि काचेच्या भिंतींची मोठी खोली बांधून तीत रांगेने संगणक मांडले. यंत्र शिकवणार, यंत्रच तपासणार. "विद्यार्थी आपापल्या गतीने शिकतील," असं ते उद्घाटनाला म्हणाले. स्वतः त्या खोलीत पुन्हा क्वचितच आले. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, तो उंटावरून उतरेल कशाला? प्रत्येक संगणकाशेजारी त्यांनी एक लाल प्लास्टिकचा कप ठेवला होता. अडलं की तो पडद्याच्या डोक्यावर ठेवायचा, म्हणजे मदतनीस येईल. आम्ही तीन मदतनीस होतो.

कप कोणीही ठेवला नाही. प्रॅट बाहेरून आलेले, त्यांना हे कळणं शक्य नव्हतं. आमच्याकडे मदत मागत नसतात. धुराड्यातून धूर दिसला नाही की शेजारी आपणच येतो, "सहज आलो होतो" म्हणतो आणि लाकडं फोडून देऊन जातो. ज्याला मागावं लागलं त्याची लाज गेली, आणि ज्याने मागायला लावलं त्याची दुप्पट गेली. भर खोलीत डोक्यावर लाल कप ठेवून बसायचं म्हणजे चर्चच्या दारात हात पसरायचा.

म्हणून मी फडकं घेऊन फिरायचे. पडदे पुसण्याचं सोंग करायचं आणि कोणाच्या तरी खांद्यामागे थांबून पुटपुटायचं, "हे गणित मलासुद्धा फार छळतं बाई." मग खुर्ची ओढायची. ओमा जीनशी मी अशीच बोलायला लागले.

"तुझं फडकं कधी ओलं नसतं," ती एकदा म्हणाली.

"तुझा पडदा कधी मळलेला नसतो."

"मग येतेस कशाला?"

"गप्प बस आणि ते वजा चिन्ह बघ."

पहिल्या खेपेला वडील गेले आणि तिचं अर्ध्यावर सुटलं. यंत्राला सुतक कळत नाही, त्याने नापास लिहिलं. दुसऱ्या खेपेला थोडक्यात हुकलं. तिसरी खेप सुरू व्हायच्या आधी प्रॅटनी वर्षाचा हिशोब काढला: कप एकदाही उभा राहिलेला नाही, अर्थात विद्यार्थी स्वावलंबी झाले, अर्थात मदतनिसांची गरज नाही. माझ्या फडक्याची नोंद कुठे असणार? आम्हा तिघींना हलवलं. मला समोरच्याच पार्किंगच्या परवान्यांच्या खिडकीत बसवलं. प्रॅटना मानपत्र मिळालं. कप मात्र तिथेच राहिले, ते उचलायचं कोणाला सुचलं नाही.

सत्राच्या शेवटच्या शुक्रवारी ओमा जीनचा एकच धडा राहिला होता. ऋण संख्येतून ऋण संख्या वजा करायची. काचेतून मला तिची पाठ दिसत होती. ती लिहायची, यंत्र लाल फुली मारायचं. पुन्हा लिहायची, पुन्हा फुली. मला खिडकी सोडून जायची सोय नव्हती, समोर परवान्यांसाठी रांग होती. आणि मग तिने कप उचलला. हातात धरून बराच वेळ बसली आणि ठेवला पडद्याच्या डोक्यावर. शेजारच्या दोघा-तिघांनी माना वळवल्या आणि शरमेने परत फिरवल्या.

नेमके तेव्हाच प्रॅट दुसऱ्या कॉलेजचे पाहुणे घेऊन आत शिरले. मी रांग तशीच सोडून धावले. दारापाशी पोचले तर साहेब तिच्या टेबलाशी होते. त्यांनी तो कप दोन बोटांनी उचलला आणि टोपलीत टाकला.

"मॅडम, इथे खाणं-पिणं चालत नाही," ते म्हणाले.

स्वतः काढलेली रीत माणूस विसरला होता. कप उभा राहिलेला त्याने जन्मात पाहिला नव्हता.

ओमा जीन उठून उभी राहिली. तिचा आवाज बसमध्ये असतो तसाच होता. "डॉक्टर, तो मी ठेवला होता. मला हे येत नाही. शिकवा."

प्रॅटचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "धड्याचा व्हिडिओ पाहिलात का?"

"पाठ झालाय."

"मग मदतनीस..." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. पाहुणे बुटांकडे बघत होते. "आम्ही याचा जरूर विचार करू."

तिने किल्ल्या उचलल्या. मी दारात तिचा हात धरला. "अगं थांब, पाच मिनिटांचं काम आहे, मी दाखवते."

"पोरं शाळेबाहेर उभी असतील," ती म्हणाली आणि हात सोडवून गेली. संध्याकाळी यंत्राने तिसऱ्यांदा नापास लिहिलं.

पुढच्या वर्षी कॉलेजने तो वर्गच बंद केला. या गणिताचा नर्सिंगला काही उपयोग नाही, उलट चांगली माणसं त्यात अडकून पडतात, असा शोध लागला. शोध कोणी लावला? प्रॅटनीच. दुसरं मानपत्र, आणि वर उपप्राचार्यपद. तीन खेपांचा नियमही त्याबरोबर गेला.

हे कळलं त्याच दिवशी मी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. बस थांबली तशी पायरीवर चढून तिला सगळं सांगितलं. "आता गणिताची आडकाठी नाही गं. फक्त परत एकदा अर्ज कर. मी सोबत येते."

ओमा जीनने आरशात बघून मागची पोरं मोजली.

"एकदा मागितलं होतं मी," ती म्हणाली. "उतर आता, मला दार लावायचंय."