दोन खोक्यांचा सेट

दहिवलीच्या सहदेवाने गाण्याच्या पेटाऱ्यावर किती पैसे उधळले, यावर आळीत पुष्कळ दिवस तोंडसुख घेणं चाललं. का उधळले, हे विचारायला मात्र त्याच्या दारात कोणी गेलं नाही.

सहदेव रेल्वेत होता. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा द्यायला जे इंजिन लावतात, त्याच्या घरघराटात त्याची हयात गेली. दुसऱ्याला ढकलून वर पोचवायचं आणि आपण रिकामं खाली यायचं. तो रिटायर झाला आणि वर्षाच्या आत त्याची बायको चंद्राबाई गेली. पोरबाळ नव्हतं. उरला घरात एक रेडिओ आणि रविवारी येणारा गोमा.

गोमा कडावचा दूधवाला. रतीब घालून झाला की किटल्या ओट्यावर ठेवून आत यायचा. दोघं बातम्या ऐकत चहा प्यायचे आणि बातम्यांवरून हमरीतुमरीवर यायचे. गोमाची मुलगी चिंधी सहदेवाला काका म्हणायची. ती परकरात होती तेव्हाच "तुझ्या लग्नात लोखंडी कपाट माझ्याकडून" असा शब्द त्याने देऊन टाकला होता, आणि त्याचे पैसे पोस्टात वेगळे ठेवले होते.

पुढे रेडिओचा आवाज बसला. निदान सहदेवाला तसं वाटलं. कर्जतच्या बाजारात अप्पांचं दुकान होतं. अप्पांनी रेडिओ उघडून पाहिला आणि म्हणाले, "सहदेवराव, बिघाड काही दिसत नाही. पण जुनं ते जुनंच." सहदेवाने नवा घेतला. थोड्या दिवसांत तोही पुटपुटायला लागला, तेव्हा त्याला मोठा स्पीकर जोडून घेतला. शेजारीपाजारी कानात बोटं घालायचे. पण म्हातारा एकटा आहे, जाऊ दे, म्हणून कोणी बोललं नाही. माणसांचा चांगुलपणा कधीकधी असा जिवावर उठतो.

त्याच सुमाराला गोमा यायचा बंद झाला. त्याची सायकल दारावरून जाताना खिडकीतून दिसायची. हाक मारावी असं सहदेवाच्या ओठावर यायचं. मग वाटायचं, आपणच का मारावी? आणि तो रेडिओ आणखी मोठा करायचा.

अप्पांकडे दोन खोक्यांचा, म्हणजे दोन मोठ्या स्पीकरांचा, सेट आला. किंमत ऐकून सहदेव दुकानाच्या पायरीवरच बसला. "एकच खोकं घेतलं तर?" त्याने विचारलं.

"एका पायाने चालता येतं का, सहदेवराव?"

अंथरूण पाहून पाय पसरणारा माणूस तो. चार दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. कपाटाच्या पैशांना हात लावल्याशिवाय सेट येत नव्हता. शेवटी त्याने मनाशी म्हटलं, ज्याला माझं दार दिसत नाही त्याच्या पोरीला कपाट कशाला? आणि पोस्टातले पैसे काढले.

सेट घेऊन पदूचा टेंपो आला. पदू मागच्या परसातून घरात शिरला आणि त्याने सहदेवाच्या खांद्यावर हात ठेवला. सहदेव दचकला.

"बहिरा झालास काय रं, बाबा?" पदू त्याच्या तोंडासमोर ओरडला. "पुढच्या दाराची कडी तुटायची येळ आली!"

घरात दुसरं माणूस असतं, तर हे वाक्य त्याने दिवसातून दहादा ऐकलं असतं. सहदेवाने रेडिओ बंद केला. पदूला बाहेर पाठवून पुन्हा कडी वाजवायला लावली आणि स्वतः आत उभा राहिला. दार थरथरताना त्याला नीट दिसलं. ऐकू काहीच आलं नाही.

खोकी तशीच टाकून तो पदूच्या टेंपोत बसला आणि कडावला गेला. गोमाच्या अंगणात मांडवाचे खांब अजून उभे होते. चिंधी सासरी गेली होती. गोमा गोठ्याकडे तोंड करून काहीतरी बोलला.

"माझ्याकडं बघून बोल, गोमा. मला ऐकू येत नाय."

गोमाने वळून पाहिलं. मनात जपलेला राग आता त्याला ओरडून सांगावा लागला, साऱ्या आळीला ऐकू जाईल असा. "तीनदा आलो रं पत्रिका घेऊन! कडी वाजवली. आत रेडिओ चालू, म्हंजे तू घरात. पत्रिका काय दारात टाकायची असते? हातात द्यायची असते! मंग म्हनलं, हा पेन्शनवाला, आमी दूधवाले." पुढे त्याचा आवाज खाली आला, पण ओठांवरून सहदेवाला कळलं. "पोरगी बोहल्यावर चढस्तोवर काकाची वाट बघत व्हती."

अप्पांनी सेट परत घेतला, पण निम्म्याच पैशांत. त्यात कपाट बसेना. एक ट्रंक बसली. ती सहदेवाने चिंधीच्या सासरी पोचवली.

"येईन एखाद्या रविवारी," असं सहदेव कडावहून निघताना गोमा म्हणाला होता. म्हणून रविवारी सहदेव दार सताड उघडं ठेवतो आणि रेडिओकडे पाठ करून बसतो. बातम्या कळत नाहीत, पण आलेला माणूस तरी दिसेल. चहा तो दोघांपुरता टाकतो. अजून तरी दुसरा कप त्यालाच प्यावा लागतो.