गारव्याचं पाणी

आमच्या मोठ्या दुकानाच्या मागच्या भिंतीपलीकडे वस्तीचा एक हातपंप आहे. पाऊस लांबलेल्या दिवसांत दुपारी त्याची किर्र-खट्ट लय ऐकू येई आणि आमच्या बोअरची मोटर सुरू झाली की ती हळूहळू विरून जाई. देखभालीचे काम माझ्याकडे असल्याने आमची बोअर पंपाचे पाणी ओढून घेते, हा त्या शांततेचा अर्थ मला कळत होता. तो वरिष्ठांना सांगायला मात्र मी दोन उन्हाळे घेतले.

अखेर व्यवस्थापकांच्या टेबलावर अर्ज ठेवला. एसीच्या नळ्यांतून ठिबकणारे पाणी टाकीत साठवून फरशी व शौचालयांसाठी वापरावे, बोअर बंद ठेवावी. त्यांनी आठ दिवस दिले. "मोटर लावावी लागली, तर विषय संपला."

टाकीवर मी सुवाच्य अक्षरांत पाटी लावली : 'पुनर्वापरयोग्य संघनित जल'. चार दिवस ती टपटप ऐकत मी जणू झोपेतच वावरलो. पलीकडे पंप दिवसभर वाजत होता.

पाचव्या दिवशी नळाला पिण्याचे पाणी आले; आमच्या शहरात ते चार-पाच दिवसांतून एकदाच येते. मी मागे गेलो, तर टाकी रिकामी. वळसंग गावाहून येणाऱ्या सफाईच्या मावशी तिचा तळ घासत होत्या.

"मावशी, पाणी कुठे गेले?"

"वतलं की! चार दिसांचं शिळं. नवं आल्यावर शिळं कुणी ठेवतंय व्हय?"

माझ्या घरीही पाणी येण्याच्या दिवशी हेच चालते.

"पाटी वाचली नाहीत?"

"वाचली की. मला वाटलं, मंतर लिवलाय कसला तरी."

व्यवस्थापकांच्या दाराबाहेर किती वेळ उभा होतो, आठवत नाही. काचेत माझीच अंधुक आकृती तरंगत होती.

"चूक माझ्या पाटीची आहे," मी आत जाऊन म्हणालो. "आज मोटर लावावी लागेल. उद्यापासून पुन्हा आठ दिवस द्या. साहेब, पलीकडे माणसे राहतात."

शेवटचे वाक्य अर्जात नव्हते.

"इतकं बोलता येतं की तुम्हाला!" ते हसले. "घ्या आठ दिवस."

नवी पाटी काय लिहावी, हे मी मावशींनाच विचारले. त्यांनी नळीखाली तळहात धरला.

"मशीनच्या गारव्याचं हाय न्हवं? तसंच लिवा की. गारवा कुटं शिळा व्हतोय?"

ते आठ दिवस पार पडले, त्यानंतरचेही. नळाला पाणी आले की मावशी टाकीपाशी जाऊन उभ्या राहतात आणि कुणी टाकी रिकामी करायला आले की ओरडतात. "ए, वतू नगंस! गारव्याचं हाय ते!" त्यांच्या आवाजामागून, भिंतीपलीकडची किर्र-खट्ट मला अर्धवट स्वप्नातल्यासारखी ऐकू येत राहते.