कातडीखालची फडफड

माझ्या बायकोनं हातपाय गाळले म्हणून ती अंथरुणाला खिळली, असं रत्नागिरीला तिच्या माहेरी सगळे मानत आलेत. तसं त्यांना मीच सांगितलं होतं. ते खोटं आहे.

सुरुवात तांदळाच्या भाकरीपासून झाली. थापताना तिच्या उजव्या हाताची बोटं पसरेनात, भाकरी एका बाजूला जाड राहू लागली. मी म्हणालो, "इथं मीरा रोडला तयार मिळतात ना, म्हणून हाताला आळस चढलाय."

"मग उद्यापासून तुम्ही थापा. मी बसून नावं ठेवते."

मी गावाहून उंडीचं तेल मागवलं. रोज सकाळी चोळायचो आणि मग तिच्याकडून घट्ट पिठाचा गोळा दाबून घ्यायचो. ती दमायची, नको म्हणायची. एकदा तिच्या दंडात कातडीखाली काहीतरी फडफडलं, उथळ पाण्यात मासा वळावा तसं. मी लगेच मेव्हण्याला फोन केला, "हातात जीव येतोय." आणि गोळा आणखी घट्ट मळू लागलो.

मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी तीच फडफड बराच वेळ पाहिली.

"काका, स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या पेशी मरतायत. एक मेली की शेजारची पेशी फांद्या फोडून तिचे स्नायू सांभाळते, म्हणून बरेच दिवस काही कळत नाही. मग तीही मरते. आजारी पेशी आपोआप ठिणग्या सोडतात, ती ही फडफड."

"माझ्यामुळे झालं?"

"आजार नाही. पण दमलेल्या हाताला आणखी दमवायला नको होतं."

त्यानंतर मी तिच्या अंगावर फडफड शोधत राहिलो. पोटरीत दिसली, पाठीवर दिसली. एका दुपारी तिनं जांभई दिली, तेव्हा जीभ दिसली. तीही आतल्या आत वळवळत होती. मी तिला काही बोललो नाही.

मेव्हण्यालाही खरं सांगवेना. ज्याला जीव म्हणालो ते मरण होतं, हे कुठल्या तोंडानं सांगणार? मी म्हणत राहिलो, "मनानं हरलीय, हात हलवायलाच तयार नाही." तिच्याच खोलीतून बोलायचो. तोपर्यंत तिची वाचा गेली होती, पण कान आणि समज शाबूत होती.

आता श्वासाचे स्नायू दुबळे होतायत. तिची छाती वर येईपर्यंत माझी नजर हलत नाही. मनानं हरल्याचा हा डाग घेऊन ती जाईल, याची भीती वाटते. म्हणून काल मेव्हण्याला फोन लावला, स्पीकर चालू केला, तिच्या उशाशी ठेवला आणि सगळं सांगितलं.

त्यानं विचारलं, "ताई ऐकतेय का?"

"ऐकतेय."

"ताई, मी तुला किती बोललो गं. ऊठ, नाटकं करू नकोस, असंही म्हणालो."

तिचे डोळे फोनकडे वळले, भरून आले. रडताना लाळ घशात गेली आणि तिचा श्वास अडकला. मी तिला उठवून बसवलं, मान पुढे धरली. तिचं सगळं वजन माझ्या हातावर आलं.

"भावोजी, काय झालं? भावोजी?" तो फोनवरून विचारत राहिला. तिच्या छातीत हवा शिरल्याचा आवाज येईपर्यंत मला उत्तर देता आलं नाही.